पोट सुटलेला संगणक

“आवाज तुमचा उत्तम आहे,” बोलती पुस्तके काढणाऱ्या संस्थेचा ध्वनितपासनीस फोनवर म्हणाला. “पण नायिका घर सोडून जाताना आईला चिठ्ठी लिहायला बसते ना, तेव्हा तिच्या पाठीमागे कोणीतरी पिठाची गिरणी सुरू करतं.”

“ती गिरणी नाही,” ती ओशाळून म्हणाली. “आमचा संगणक आहे.”

“मला कळलं हो. ऐकणाऱ्याला कसं कळणार? तो म्हणेल, एवढा दुःखाचा प्रसंग आणि बाई दळण घेऊन बसलीय.”

त्याने महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. तोवर पहिल्या प्रकरणाचा स्वच्छ नमुना आला तर अख्खी कादंबरी तिने वाचायची. नाही आला, तर दुसरी वाचिका तयारच होती. हे त्याने धमकीच्या सुरात सांगितले नाही. तो कामाचा माणूस होता आणि बोलता बोलता काहीतरी चघळत होता.

गेली कित्येक वर्षे तिचा आवाज शहरभर ऐकू येत होता, आणि तो कोणीही ऐकलेला नव्हता. “आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा,” असे फोनवर सांगणारी ती. “दरवाजे बंद होत आहेत,” असे लिफ्टमध्ये बजावणारीही तीच. लोक तिच्यावर चिडत, तिला तोडून टाकत, वाक्य पुरे होण्याआधीच बटण दाबत. पुढचे वाक्य कोणाला ऐकावेसे वाटेल, असे एकही वाक्य तिच्या वाट्याला आजवर आले नव्हते. आता एक संपूर्ण कादंबरी समोर होती. तिच्यात माणसे एकमेकांवर रुसत होती, पळून जात होती, परत येत होती. आणि त्या सगळ्यांच्या व तिच्या मधे संगणकातला एक जुनापुराणा पंखा घरघरत उभा होता.

घर दुमजली होते. खाली सासऱ्यांचा सोफे आणि गाद्या शिवण्याचा कारखाना, वर स्वयंपाकघर, दोन झोपायच्या खोल्या आणि मागच्या बाजूला एक अरुंद अडगळीची खोली. त्या खोलीच्या भिंतींना सासऱ्यांनी जाड गाद्या ठोकून दिल्या होत्या, त्यामुळे बाहेरच्या रस्त्याचा आवाज आत येत नसे. आतला संगणक मात्र आतच होता. तो पूर्वी कारखान्यात हिशेबासाठी असे. कापसाचा आणि फोमचा भुगा खाऊन खाऊन त्याला जी धाप लागली होती, ती वर आणल्यावरही गेली नाही.

“नवीन घेऊ या,” तिचा नवरा म्हणाला. “पण तयार नको. तयार यंत्रात काय काय घातलंय ते वरच्या पाकिटावर नीट लिहिलेलं नसतं. एकेक भाग निवडून जोडू.”

नवरा औषधविक्रेता होता. घरात कोणी साधी खोकल्याची गोळी घेतली, तरी तो आधी विचारी, “याच्याबरोबर आणखी काय घेतलंस?” दोन चांगल्या गोष्टी एकत्र आल्या की त्यातून तिसरी वाईट गोष्ट निपजू शकते, यावर त्याचा गाढ विश्वास होता, आणि त्याच्या दुकानात त्या विश्वासामुळे अनेकांचे भले झाले होते. तोच विश्वास तो संगणकाच्या भागांकडे घेऊन गेला.

जेवणाच्या टेबलावर तो रोज संध्याकाळी त्यांची परीक्षा घेई. हा प्रोसेसर या मदरबोर्डाला चालतो का? चालतो. या मदरबोर्डाला ही रॅम चालते का? चालते, पण तिच्या पट्ट्यांना वर शोभेचे तुरे आहेत, ते प्रोसेसर गार ठेवणाऱ्या कूलरच्या आड येतील, म्हणून बुटक्या पट्ट्या घ्यायच्या. वीजपुरवठ्याची पेटी पुरेल का? पुरेल, जास्त काम पडलं तरी पुरेल.

“उपाशीपोटी चालेल ना?” सासूबाईंनी भाजी वाढता वाढता विचारले.

“आई, चेष्टा करू नकोस. इथे एक भाग चुकला की सगळं बाद.”

“मी कुठे चेष्टा करते? मी पथ्य विचारते.”

खरा वाद झाला तो थंडाव्यावरून. पाण्याने गार होणारी एक तऱ्हा बाजारात होती. तिचे नाव निघताच सासऱ्यांनी हातातला घास खाली ठेवला.

“विजेच्या वस्तूत पाणी?”

“आबा, ते नळीतल्या नळीत फिरतं. बाहेर येत नाही.”

“आपल्या मोरीचा नळ बसवला तेव्हा तो नळदुरुस्तीवालाही हेच म्हणाला होता.”

“शिवाय पंप असतो,” नवरा स्वतःशीच म्हणाला. “अनिष्ट परिणाम म्हणजे, अधूनमधून त्यातून गुडगुड आवाज येतो असं लोक लिहितात.”

“गुडगुड नको,” ती घाईघाईने म्हणाली. “आधीच नायिका दळण दळतेय. तिचं पोट आणखी बिघडायला नको.”

तेव्हा हवेचाच कूलर घ्यायचा ठरला, पण चांगला थोरला. नवऱ्याने कागदावर चित्र काढून तत्त्व समजावले. प्रोसेसर तापतो, ती उष्णता तांब्याच्या नळ्यांतून पातळ पत्र्यांच्या चळतीत चढते, पंखा त्या चळतीतून हवा फिरवून उष्णता बाहेर टाकतो. लहान पंख्याला तेवढ्याच हवेसाठी जिवाच्या आकांताने फिरावे लागते. मोठा पंखा सावकाश फिरतो आणि तेवढेच काम करतो. “आवाज नेहमी जिवाच्या आकांताने फिरणाऱ्याचा असतो,” तो म्हणाला.

“आपल्या घरातही तसंच आहे,” सासूबाई म्हणाल्या आणि निवांत पाय पसरून बसलेल्या सासऱ्यांकडे बघून रिकामी भांडी उचलून आत गेल्या.

सुटे भाग विकणाऱ्याचे दुकान एका मोठ्या इमारतीच्या तळघरात होते. दुकानदाराच्या मागे छतापर्यंत खोकी रचलेली होती आणि तो स्वतः त्यांच्यातलेच एखादे खोके असावे तसा निश्चल बसे. नवऱ्याने एकेक वस्तू मागायची, त्याने न बघता मागे हात घालून ती काढायची, असा क्रम चालला.

“हा कूलर या मदरबोर्डावर बसेल ना?”

“बसेल.”

“आणि रॅम त्याच्याखाली?”

“बसेल.”

“कशावरून म्हणता?”

“आजवर बसलंय.”

नवऱ्याने तरीही दोन्ही खोक्यांवरचा बारीक मजकूर चष्मा वर सरकवून वाचला. ती त्या वेळी बाहेरचे कॅबिनेट निवडत होती, आणि निवड सोपी होती. अडगळीच्या खोलीत कपाट आणि भिंत यांच्या मधे एक चिंचोळी फट होती. तिच्यात मावेल असे सडपातळ, काळेभोर, देखणे कॅबिनेट एकच होते.

“हे चालेल?” तिने विचारले.

“डबाच तर आहे,” नवरा म्हणाला. “तुला आवडला ना? घे.”

त्याचा दोष असा मोठा नव्हता. औषधाच्या दुकानात औषध तपासतात, मात्रा तपासतात, मुदत तपासतात. डबी हा विषय तिथे कधीच चर्चेला येत नाही. डबीत मावेल एवढेच तिच्यात भरतात. न मावले तर दुसरी डबी घेतात.

जोडणी सुट्टीच्या दिवशी कारखान्यातल्या कापडे बेतण्याच्या टेबलावर झाली. कारखान्याचे काम बंद होते आणि टेबल रुंद होते. शिवाय सासऱ्यांनी भुगा झाडून त्यावर पांढरी चादर अंथरली होती. नवऱ्याने हातमोजे चढवले. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायच्या लेपाची नळी त्याने हाती घेतली, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर अगदी घरचे कोणी भेटल्यासारखा भाव आला. त्याने आधी मुदत वाचली, मग झाकण उलटे करून तोंड टोचले.

“भरपूर लाव,” सासरे म्हणाले. “सरस कमी पडला की पुढे सांधा सुटतो.”

“हा सरस नाही, मलम समजा. वाटाण्याएवढं पुरे. जास्त लावल्याने रोगी लवकर बरा होत नाही.”

“वाटाण्याएवढ्यात काय होणार?”

“आबा, आयुष्यभर मी लोकांना हेच सांगतोय, आणि आयुष्यभर लोक अख्खी ट्यूब चोपडतात.”

वाटाण्याएवढा लेप पडला. त्यावर कूलर बसला, आणि खरोखरच बसला. रॅमच्या बुटक्या पट्ट्या त्याच्या पोटाखाली आज्ञाधारकपणे उभ्या राहिल्या. तारा जोडल्या गेल्या. बटण दाबताच दोन मोठे पंखे, झोपेतून उठलेल्या माणसाने कूस बदलावी तसे, सावकाश फिरू लागले. चौघांनी श्वास रोखून ऐकले. ऐकू येण्यासारखे काही नव्हते. तिने नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. सासूबाई म्हणाल्या, “हुशार आहे हो माझा मुलगा, मी उगाच हसत होते.” नवऱ्याने मान थोडी झुकवून ते मान्य केले आणि बाजूचे झाकण उचलले.

झाकण लागेना. त्याने ते पुन्हा लावून पाहिले, मग उलटे करून, मग तिरके. कूलर कॅबिनेटच्या कडेच्या बाहेर चांगला बोटभर आला होता. सडपातळ काळ्या कॅबिनेटमधून ती पत्र्यांची चळत अशी डोकावत होती, जणू एखाद्या नेटक्या गृहस्थाच्या सदऱ्याची बटणे पोटावर तुटून पडावीत.

नवऱ्याने दुकानदाराला फोन लावला.

“कूलर कॅबिनेटमध्ये बसत नाही.”

“बसेल.”

“अहो, बसत नाही. समोर दिसतंय मला.”

दुकानदाराने थोडा विचार केला. “दाबा,” तो म्हणाला.

उघडलेला माल दुकान परत घेत नव्हते. दुसरे कॅबिनेट मागवायचे, तर ते कपाटाच्या फटीत मावणार नाही. कपाट हलवायचे, तर त्यामागच्या गाद्या उखडायच्या. आणि महिनाअखेर तर तोंडावर आली होती. नवरा एका स्टुलावर बसून राहिला. “सगळ्या औषधांची एकमेकांशी गाठ घालून पाहिली,” तो म्हणाला, “आणि बाटलीचं झाकण विसरलो.”

“उघडंच ठेवू या,” ती म्हणाली. “झाकण नसलं तर काय बिघडतं?”

सासऱ्यांना ते ऐकवले नाही. त्यांच्या हातून आजवर कोणतीही वस्तू उघडी म्हणून घराबाहेर गेली नव्हती. आतला काथ्या, तारा, खिळे, चिंध्या जगाच्या नजरेपासून झाकणे, हाच त्यांचा धंदा होता आणि काही अंशी धर्मही होता. ते कॅबिनेटभोवती एक फेरी मारून आले आणि त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली.

“गिऱ्हाईक जाडं झालं, तर गिऱ्हाईक कापत नाहीत. कापड वाढवतात. मी देतो झाकण करून.”

“आबा, पण...”

“तू तुझं मलम लावलंस ना? आता मला माझं काम करू दे. पोरीच्या कामाला आवाज चालत नाही. मी असं झाकण देतो की आवाज आत जन्मेल आणि आतच जिरेल.”

आणि खरे सांगायचे, तर ते झाकण अप्रतिम झाले. लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेल्या रुंद पट्ट्या, त्यावर दाट फोम, त्यावर कापसाचा थर आणि सर्वांवर गर्द तांबडी मखमल. मखमलीवर त्यांनी सोफ्याच्या पाठीला असतात तशी खोल बटणे ओढली होती. कूलरच्या फुगवट्यासाठी मधोमध एक प्रशस्त गोलाई ठेवली होती, त्यामुळे तो संगणक एका अंगाने पोट सुटलेल्या श्रीमंत माणसासारखा दिसे. कपाटाशेजारच्या फटीतही तो मावला, कारण पोट मऊ होते.

“याच्यात लिहायचं, की याच्यावर बसायचं?” सासूबाईंनी विचारले.

सासऱ्यांनी तिकडे दुर्लक्ष केले. त्यांनी सुनेला जवळ बोलावले. “पोरी, कान लाव. काय ऐकू येतं?”

“काहीच नाही, आबा.”

“तेच ऐक,” ते तृप्त होऊन म्हणाले.

दुपारी ती वाचायला बसली. दार लावले, मायक्रोफोन तोंडासमोर घेतला, आणि पहिले प्रकरण सुरू झाले. घर झोपी गेलेले आहे, नायिका दिवा लावते, कागद पुढे ओढते. तिला वाचताना जाणवले की आपला आवाज स्वतःलाच नवा वाटतो आहे. आजवर ती नेहमी कशावर तरी मात करून बोलत आली होती. आता बोलायला जागा होती. ती हलक्या आवाजात वाचू लागली, आणखी हलक्या आवाजात, आणि नायिकेने “प्रिय आई” एवढे लिहिले न लिहिले तोच तांबड्या मखमलीच्या आतून एक सुस्कारा आला. मग गुरगुर. मग ती गुरगुर चढत गेली, आणि नायिकेने चिठ्ठीची दुसरी ओळ सुरू केली तेव्हा खोलीत विमान धावपट्टीवर धावत होते. तिने आवाज चढवला. संगणकाने तिच्याहून चढवला. मग एकाएकी सगळे थांबले. पडदा काळा झाला.

तिने हाक मारण्याआधीच तिघेही दारात होते. ते बाहेर कान लावून उभे असावेत.

नवऱ्याने मखमलीवर हाताची मागची बाजू टेकवली, आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. तो झोपायच्या खोलीतून थर्मामीटर घेऊन आला आणि त्याने तो दोन बटणांच्या मधल्या फटीत खोचला. थर्मामीटर माणसांचा होता. पारा टोकाला जाऊन भिडला.

“ताप आहे,” नवरा म्हणाला.

“मग पांघरूण बरोबरच घातलंय की,” सासरे म्हणाले.

“आबा! ताप आलेल्या माणसाचं पांघरूण काढतात.”

“काढतात? तुझ्या लहानपणी तुला ताप आला तेव्हा मी गादीखाली घालून घाम काढला होता.”

“म्हणूनच मी औषधविक्रेता झालो!”

“आणि बरा झालास की नाही?”

“मी तुमच्या गादीमुळे बरा झालो नाही, तुमची गादी सोसून बरा झालो!”

“अहो, दोघे पण,” सासूबाई म्हणाल्या, “रोगी मेलाय. भांडण मागाहून करा.”

संगणक मेला नव्हता. तो फार तापला म्हणून स्वतःहून बंद झाला होता. गार झाल्यावर तो पुन्हा सुरू झाला, तिने पुन्हा वाचले, आणि बरोबर “प्रिय आई” पाशी तो पुन्हा तापला. आतली गरम हवा बाहेर पडायला वाव नव्हता. पंखे तीच हवा घुसळत होते, आणि हवा जितकी गरम होई तितके ते जिवाच्या आकांताने फिरत. हे नवऱ्याने समजावून सांगितले. ते सांगताना त्याने सासऱ्यांकडे एकदाही पाहिले नाही, आणि त्यामुळेच ते सर्वांना अधिक जाणवले.

मग तिने मायक्रोफोनचा गळा खाली वळवला.

“जाऊ द्या,” ती म्हणाली. “मी आपली ‘आपण रांगेत आहात’ म्हणत बसेन. त्यालाही कोणीतरी लागतंच.”

हे ती चिडून म्हणाली असती तर कोणीतरी समजूत घातली असती. पण ती ते तिच्या फोनवरच्या, गोड, सपाट आवाजात म्हणाली. सासरे वाकले, त्यांनी झाकणाचे स्क्रू सोडवले आणि ते झाकण मुलासारखे छातीशी धरून ते खाली गेले.

थोड्या वेळाने ती खाली गेली, तेव्हा ते टेबलाशी उभे राहून बटणांचे दोरे कापत होते. मखमल निघाली. कापूस निघाला. फोम सोलून काढताना त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. ती “आबा, एवढं नको” असे म्हणणार होती, पण काम करणाऱ्या माणसाला मधेच थांबवू नये, हे या घरात ती शिकली होती. शेवटी चौकटीवर नुसत्या पट्ट्या उरल्या. प्रत्येक सोफ्याच्या बैठकीखाली त्या असतात. एक उभी, एक आडवी, एकमेकींखालून काढून विणलेल्या, बसणाऱ्याचे सगळे वजन पेलणाऱ्या आणि कधीही कोणाला न दिसणाऱ्या. त्यांच्या विणीत चौकोनी फटी होत्या.

सासऱ्यांनी ती चौकट तोंडासमोर धरली आणि फुंकर मारली. पलीकडे उभ्या असलेल्या सुनेच्या कपाळावरचे केस उडाले. त्यांनी पुन्हा एकदा, जरा जोरात, फुंकर मारली.

“जाते की गं हवा,” ते म्हणाले.

“जाते, आबा.”

“पण दिसायला हे असं... हे कोणाला दाखवायचं नसतं, पोरी. माझ्या वडिलांनी मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं. पट्ट्या दिसल्या म्हणजे काम अर्धवट सुटलं.”

“वीण किती सुंदर आहे पण.”

“सुंदर असणारच. मी विणलीय,” ते त्राग्याने म्हणाले, पण त्यांनी पट्ट्या सोडवून, फटी आणखी मोठ्या ठेवून, कूलरच्या पोटापुरती ढील देऊन त्या पुन्हा विणायला घेतल्या. गाठी त्यांनी आतल्या बाजूला घेतल्या. त्या उघड्या ठेवणे मात्र त्यांना जमले नाही.

ते झाकण चढले, आणि पंखे सावकाशच फिरत राहिले. नवऱ्याने तास दीड तास विणीतल्या फटींपाशी हात धरून पाहिला. शेवटी त्याने “रोग्याची प्रकृती स्थिर आहे” असे जाहीर केले आणि बापाच्या खांद्याला हलकेच धक्का दिला. सासऱ्यांनीही उलटा धक्का दिला. त्या घरात माफी मागण्याची ही पद्धत होती.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वाचायला बसली, आणि एक नवेच संकट उघडकीस आले. जुना संगणक घरातले सगळे आवाज गिळत असे. आता ध्वनिमुद्रण परत लावून ऐकले, तर नायिकेच्या शयनगृहात सासूबाई डब्याचे झाकण लावत होत्या, नवरा जिन्यावरून चप्पल घासत उतरत होता, आणि कोणीतरी दूरवर मोठ्या समाधानाने जांभई देत होते.

“मी जांभई देते त्याला आवाज येतो?” सासूबाई थक्क होऊन म्हणाल्या. “इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही मला.”

“इतकी वर्षं संधीच मिळाली नाही,” सासरे म्हणाले.

अखेर असे ठरले, की वाचन चालू असेतो घराने हालचाल बंद ठेवायची. ती खोलीत गेली. तिघेही खोलीच्या दाराबाहेर बसले, कारण चालले तर फरशी वाजत होती. सासूबाईंनी बांगड्या काढून पदराच्या टोकात बांधल्या. नवऱ्याने चप्पल हातात घेतली आणि खाली ठेवायची कुठे हे न सुचल्यामुळे ती तशीच मांडीवर धरली. दाराच्या फटीतून तिचा आवाज येत होता, स्पष्ट आणि हलका. या तिघांनी तो रोज जेवताना, भांडताना, दुधाचा हिशेब सांगताना ऐकला होता. पण ती वाचत असताना आजवर त्यांच्या कानी फक्त पंखाच आला होता.

नायिकेने दिवा लावला. कागद ओढला. प्रिय आई. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी. चिठ्ठीत रागाचा एक शब्द नव्हता. कुठल्या डब्यात काय ठेवले आहे, कुंडीला पाणी कधी घालायचे, एवढेच होते. खाली सही न करताच तिने कागद दुमडला. वाचणाऱ्या आवाजाने तिथे एक क्षण विश्रांती घेतली.

त्या क्षणात सासऱ्यांनी नाक ओढले.

ते काही साधेसुधे नाक ओढणे नव्हते. सगळे प्रकरणभर आवरून धरलेले ते, बांध फुटावा तसे एकदम आले. सासूबाईंनी त्यांच्या तोंडावर पदर दाबला, तर पदरातल्या बांगड्या खणाणल्या. नवरा दचकला आणि चप्पल पडली. मग पुन्हा पूर्ण शांतता झाली, आणि आतून आवाज न थांबता पुढे वाचत राहिला.

मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. पुन्हा सगळे वाचायला वेळ उरला नव्हता. तिने नमुना तसाच पाठवून दिला, आणि सासरे रात्री जेवले नाहीत.

सकाळी ध्वनितपासनिसाचा फोन आला. तिने तो सर्वांना ऐकू येईल असा लावला. जे काही व्हायचे ते एकदाच होऊ दे, असे तिला वाटले असावे.

“गिरणी बंद झाली,” तो म्हणाला. आज तो काही चघळत नव्हता. “यंत्राचा आवाज शून्य आहे. पण चिठ्ठीनंतर कोणीतरी म्हातारा माणूस रडतो, मग काचा फुटतात, मग काहीतरी पडतं. ते काय आहे?”

तिने सासऱ्यांकडे पाहिले. ते भिंतीकडे बघत होते.

“ते ऐकणारे आहेत,” ती म्हणाली.

“मीही तिथे यंत्र थांबवून बाहेर जाऊन आलो,” ध्वनितपासनीस म्हणाला. “पण मी दार लावून घेतलं होतं. तेवढं एक वाक्य पुन्हा वाचून पाठवा, बाकी पक्कं. पुस्तक तुमचं. आणि त्या आजोबांना लांब कुठेतरी बसवत जा.”

नवऱ्याने टाळी वाजवली, आणि मग आता टाळी चालते हे लक्षात येऊन पुन्हा, चांगली जोरात, वाजवली. सासूबाईंनी हौसेने एक लांबलचक जांभई दिली.

दुसरे प्रकरण ध्वनिमुद्रित झाले तेव्हा सासऱ्यांना खरोखरच लांब, खाली कारखान्यात बसवले होते. संध्याकाळी ती खाली उतरली, तर ते एका खुर्चीची बैठक मांडीवर उलटी घेऊन बसले होते, आणि तिच्या पट्ट्यांवर कापड चढवायचे की नाही, याचा विचार करीत असल्यासारखे दाखवत होते.

“झालं का दुसरं?”

“झालं.”

“चांगलं झालं?”

“चांगलं झालं, आबा.”

त्यांनी सुई दोऱ्यात, म्हणजे दोरा सुईत ओवण्याचा प्रयत्न केला. “ती पोहोचली का स्टेशनवर?”

“पुस्तक छापून आलं... म्हणजे ध्वनिमुद्रण बाहेर आलं, की ऐका ना.”

“केव्हा येणार ते?”

“सहा महिने तरी लागतील.”

“सहा महिने!” सासऱ्यांनी सुई टेबलात रोवली. “पोरी, मी काय तोवर जागा राहू? मला नुसतं सांग, गाडी मिळाली का तिला. मी घरात कोणाला सांगणार नाही.”

तिने वर जाऊन पुस्तक आणले. ती कापडे बेतण्याच्या टेबलावर चढून बसली आणि दुसरे प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचू लागली. थोड्या वेळाने सासूबाई जिन्यावरून धाडधाड उतरून आल्या, त्यांच्यामागे नवरा चप्पल फटफटवत आला, आणि दोघांनी फोमच्या ढिगावर बैठक मारली. कोणी खोकले, कोणी मधेच “अगं बाई!” म्हणाले, सासऱ्यांनी दोनदा नाक शिंकरले. नायिका स्टेशनवर पोहोचली आणि फलाटावर तिला तिच्या गल्लीतला टपालवाला दिसला, तिथे प्रकरण संपले. तिने पुस्तक मिटले.

“आता गं?” सासरे म्हणाले.

“आता उद्या.”

“उद्याबिद्या काही नाही. तो टपालवाला तिथे कशाला आलाय? वाच पुढे.”